विषय क्रमांक सत्तावीस

तारीख लिहिली. वेळ लिहिली. गणपूर्ती आहे, लिहिलं.
पंखा कुरकुरतो, ते लिहायचं नसतं.
अठरा वर्षं मी या सभागृहाच्या कोपऱ्यात बसतो,
माणसं बोलतात,
मी त्याचं शासकीय मराठी करतो.

विषय: शहरासाठी व्यावसायिक व्यवस्थापक नेमणे.
दरमहा साडेतीन लाख, गाडी, तीन वर्षांचा करार.
आकडा वाचला तेव्हा मागच्या बाकावर
अडकित्ता सुपारीवर थांबला.

अण्णाप्पा मगदूम उठले, गुडघ्यावर हात ठेवून:
"आयुक्त हायत. उपायुक्त हायत. आणि ह्यो कोण?
घरात दोन सासवा असताना
तिसरी भाड्यानं आणायची व्हय?"
(हशा.)
हशा कंसातच लिहायचा असतो.

धोंडीराम वेल्हाळ तालमीच्या आवाजात:
"पेठेत गटार तुंबलं की रात्री दोनला
माझ्या खिडकीखालनं हाक येती, नावानं.
त्याला कोण हाक मारणार? काय म्हणून?
आणि उत्तरेश्वरातला व्हॉल्व्ह उलटा फिरतोय,
हे त्याच्या कुठल्या पुस्तकात हाय?"

खरं आहे. तो व्हॉल्व्ह उलटाच फिरतो.
सिदबा कुंभाराच्या मनगटाला ते ठाऊक होतं.
मनगट मार्चात निवृत्त झालं, नारळ आणि शाल घेऊन,
तेव्हापासून तिथं पाणी पहाटे तीनला येतं
किंवा येत नाही.
हे कुणी बोललं नाही, म्हणून इतिवृत्तात नाही.

मग दोन तास
केएमटीच्या उभ्या बसगाड्या, बावड्याचा कचऱ्याचा डोंगर,
रंकाळ्यातली जलपर्णी, जयंती नाल्याची फाईल
जी नाल्यापेक्षा हळू वाहते.
आणि पूर. पुराचं नाव निघालं
की सगळ्यांचाच आवाज थोडा उतरतो,
जणू पंचगंगा व्हरांड्यात उभी राहून ऐकतेय.

रुक्साना मुल्लाणी आजवर
फक्त उपस्थितीच्या यादीत होत्या.
उठल्या. माईक बंद होता. तशाच बोलल्या.
"मी एक इचारतो.
माझ्या बोळात सहा घरांस्नी नळ हाय, नऊ घरांस्नी न्हाई.
त्या सहांचं कोण कुठं हाय, मला म्हाईत हाय.
नऊ जणांचं कोणच न्हाई.
तुमच्या खिडकीखाली हाक मारायची, दादा,
तर आधी वळख लागती.
ज्याचा ह्या गावात मामा न्हाई
असा एक तरी माणूस द्या मला.
पगार कितीबी द्या."

हे मी जसंच्या तसं लिहिलं.
त्याचं मराठी करायला हात धजला नाही.

मग गलका. कुणाचा मामा काढता?
राजदंडाकडे दोघं धावले, एक चप्पल विसरून.
पीठासनावरून आदेश:
शेवटचं वाक्य कामकाजातून वगळावे.
साधकबाधक चर्चेअंती विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
चहा.

चहा गार झाला तरी मी बसून होतो.
माझा मामा शिरोलीच्या जकात नाक्यावर कारकून होता.
एका साहेबाच्या दारात त्यानं गुळाच्या दोन ढेपा उतरवल्या,
चिक्की गूळ, पिवळाधमक,
आणि मी या खुर्चीत बसलो.
लघुलेखनात मी दोनदा नापास झालो होतो.
ज्या पोराची जागा गेली
त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.
त्याला मामा नसावा.

वगळण्याचा नियम असा आहे:
पट्टी ठेवून अक्षरांवरून एक सरळ रेघ,
समासात सही.

पट्टी ठेवली.
पट्टी थोडी खाली सरकली.
रेघ अक्षरांच्या खालून गेली.
समासात सही केली,
आणि दिवे मालवून निघालो.